डब्यातला आवाज

हेक्समच्या पुढे, बस जिथे वळून परत फिरते,
तिथून मैलभर चाललं की एक फाटक.
फाटकाशी टेबल, टेबलावर अंडी, सहा-सहाच्या खोक्यांत,
पाटीवर खडूनं किंमत: एक पौंड.
शेजारी बिस्किटांचा पत्र्याचा डबा,
झाकणाला छिन्नीनं पाडलेली फट.
माणूस नाही. कुत्रंसुद्धा नाही.

मी मोजणी खात्यातला.
लोकांच्या शब्दावर विश्वास न ठेवण्याचा
वीस वर्षं पगार घेतलेला.
सख्खे भाऊ बांध कोरतात, दरसाल वीतभर,
आणि पंचांसमोर देवाची शपथ घेतात,
हे साखळी हातात धरून पाहिलेलं.
नवी यंत्रं शिकायला सरकारनं तीन महिने न्यूकॅसलला धाडलं;
आभाळातून म्हणे आता बोटभर चूकही सापडते.
रविवारी वर्ग बंद, म्हणून चालायला निघालो होतो.

खिशात वीसची एक नोट,
आणि तळाशी घरून चुकून आलेलं पाच रुपयांचं जाड नाणं.
वीस कसे टाकायचे, अंडी एकाची.
खिडकीचा पडदा हलल्यासारखा वाटला.
चोराच्या मनात चांदणं, तेही भर दुपारी.
मी नाणं सोडलं.
आवाज छान आला, अगदी पौंडासारखा.

अंडी चार दिवस पुरली.
कांदा-मिरची घालून भुर्जी केली,
शेजारच्या खोलीतल्या ओसारोला वाढली.
कुठून आणलीस, म्हणाला.
म्हटलं, स्वस्तात मिळाली.

तीन आठवड्यांनी परत तोच रस्ता.
पाय आपसूक वळले, असं म्हणायची सोय आहे;
पायांना कुठे काय कळतं.
पाटीवर किमतीखाली एक ओळ वाढलेली:
परदेशी नाणं चुकून पडलं असेल तर आत या.
जपून ठेवलंय.

मी 'चुकून'पाशी बराच वेळ उभा होतो.

मिसेस डॉड. ऐंशीच्या पुढच्या. पायात चिखलाचे बूट.
कानाचं यंत्र टेबलावर, कपाशेजारी;
रविवारी मी ते काढून ठेवते, म्हणाल्या, जरा शांत वाटतं.
म्हणजे तो आवाज
मी कुणासाठी केला होता?

नाणं बशीत होतं. साबणानं धुतलेलं.
"किती सुंदर. तीन सिंह."
"चार आहेत," मी जरा मोठ्यानं म्हणालो, "एक मागे असतो, दिसत नाही."
त्या दिवशी मी बोललेलं
एवढंच खरं.

"जवळच्या कुणाचं असेल ना?"
"हो. वडिलांनी दिलं होतं."
घशात काहीसुद्धा अडकलं नाही.
पहिल्या खोट्याला निदान बोटं थरथरली होती,
हे तर तोंडात तयारच होतं, पुढच्या बाकावरच्या पोरासारखं.
वडील तलाठी होते. साध्या सातबाऱ्यासाठी
कुणाचा चहासुद्धा घेतला नाही त्यांनी.
त्यांना मी एका वाक्यात साक्षीदार केलं.

बाईंनी माझा हात दोन्ही हातांत धरला,
वर सहा अंडी दिली. पैसे नकोत, म्हणाल्या,
इतक्या लांबून परत आलात.

फाटकाशी थांबलो. वीसची नोट चार घड्या करून
फटीतून आत सारली.
नोटेचा आवाज होत नाही.

नाणं आता कचेरीत, ड्रॉवरमध्ये, टाचण्यांच्या डबीत.
पाच रुपयांचा चहासुद्धा येत नाही हल्ली.
मोजणीला जातो. नवं यंत्र बिनचूक आहे.
भाऊ अजून शपथ घेतात, अजून खोटी.
पूर्वी मी मध्येच तोडायचो, पुरे, म्हणायचो, काठी धरा.
आता पूर्ण ऐकून घेतो,
त्याचे डोळे बघत,
आणि मग बांधावर जातो.